पृथ्वीच्या घडणीत लघुग्रहांचा वाटा नेमका किती?

कातळफूल

पृथ्वीच्या जन्माची गोष्ट बहुतेकांनी दोन ओळींत ऐकलेली असते. तप्त गोळा होता, थंड झाला, पाऊस पडला, समुद्र भरले. या गोष्टीत लघुग्रहाला प्रवेश मिळतो तो थेट डायनोसॉर मारण्यापुरता. या विषयावर बरंच वाचल्यावर माझं ठाम मत झालंय की लघुग्रहांवर आपण फार अन्याय करतो. पृथ्वी ज्या मालातून उभी राहिली त्याच बांधकामावर उरलेला माल म्हणजे लघुग्रह, आणि तो बराचसा अजून जसाच्या तसा पडून आहे.

थोडक्यात घटनाक्रम असा. ४५६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास वायू आणि धुळीचा एक मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत कोसळला. मधोमध सूर्य तयार झाला आणि त्याच्याभोवती चपटी तबकडी फिरत राहिली. तबकडीतल्या धुळीचे खडे झाले, खड्यांचे काही किलोमीटर ते शेकडो किलोमीटर व्यासाचे ग्रहाणू झाले. ग्रहाणू आदळत-जुळत चंद्राएवढे, मंगळाएवढे भ्रूणग्रह झाले आणि त्यांच्या टकरींतून पुढच्या काही कोटी वर्षांत पृथ्वी.

पृथ्वीने मात्र बालपणीचा पुरावा स्वतःच पुसून टाकला. ज्याच्या वयाबद्दल वाद नाही असा सर्वांत जुना खडक म्हणजे कॅनडातला अकास्टा नाइस, साधारण ४०३ कोटी वर्षांचा. त्याआधीची पन्नास कोटी वर्षं खडकांत जवळपास सापडतच नाहीत. ती वाचायची तर लघुग्रहांकडेच जावं लागतं.

तर प्रश्न असा: लघुग्रहांचा वाटा किती मानायचा? नुसता कच्चा माल, की समुद्र आणि सोनंही त्यांचंच? जाणकारांनी सविस्तर लिहावं. मतभेद असतील तर ते आधी लिहावेत.

दुर्बिणवाला

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. 'तबकडी' हा आता नुसता अंदाज राहिलेला नाही, एवढी भर घालतो. २०१४ साली चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी एचएल टाउरी या ताऱ्याचं चित्र घेतलं. तारा साधारण ४५० प्रकाशवर्षांवर आहे आणि वय जेमतेम दहा लाख वर्षं. भोवतीच्या तबकडीत एकाआत एक अशी कडी आणि मधल्या काळ्या फटी स्वच्छ दिसतात. त्या फटी तिथे वाढणाऱ्या ग्रहांनी पाडल्या असाव्यात असं बरेच जण मानतात. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

प्रश्नचिन्ह_अनेक

४५६ कोटी ७० लाख! 'साधारण साडेचारशे कोटी' म्हटलं असतं तर गप्प बसलो असतो. वरचे ७० लाख कोणी मोजले? मला खरंच समजून घ्यायचंय.

अभ्रक७

@प्रश्नचिन्ह_अनेक, प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सुंदर आहे, म्हणून जरा लांबण लावते.

युरेनियमचं ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं, हे आपलं घड्याळ. अडचण अशी की कोणत्याही दगडात थोडं शिसं मुळापासूनच असतं. ते किती होतं हे कळल्याशिवाय नंतर तयार झालेलं शिसं वेगळं काढता येत नाही. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना याचं उत्तर लोहअशनीत मिळालं. (अशनी म्हणजे आकाशातून पृथ्वीवर पडलेला दगड, बहुतेक वेळा लघुग्रहाचाच तुकडा. लोहअशनी म्हणजे त्यातला लोखंडी.) ॲरिझोनातलं मोठं विवर ज्या अशनीने पाडलं, त्या कॅन्यन डायब्लो अशनीत लोह आणि गंधकाचं एक खनिज आहे. त्यात युरेनियम जवळपास नाहीच. म्हणजे त्यातलं शिसं सूर्यमालेच्या सुरुवातीचं, तसंच्या तसं. ते आणि इतर अशनींतलं शिसं ताडून त्यांनी १९५६ साली पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं, सात कोटी इकडेतिकडे, असं प्रसिद्ध केलं. पृथ्वीच्या वयाचा पहिला भरवशाचा आकडा पृथ्वीवरच्या खडकातून आलाच नाही, यावर माझा फार जीव आहे.

वरचे ७० लाख आयेंदे अशनीसारख्या दगडांमुळे कळले. हा अशनी ८ फेब्रुवारी १९६९ रोजी मेक्सिकोत पडला, दोन टनांहून जास्त तुकडे गोळा झाले. त्यात कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने भरलेले पांढरट ठिपके असतात. तप्त वायू निवताना जे पदार्थ सर्वांत आधी घनरूप झाले ते हे. सूर्यमालेचं वय म्हणजे या ठिपक्यांचं वय.

मी भूशास्त्राची. कॉन्ड्राइट या जातीच्या दगडी अशनीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळाला तर सोडू नका. ०.०३ मिलिमीटर जाडीची ती चकती बाहेरून मळकट करडी दिसते. ध्रुवित प्रकाश सोडून खालचा मंच फिरवायला लागलं की त्यात मिलिमीटरभराचे गोल थेंब उजळतात. कुणात ऑलिव्हिन या खनिजाच्या समांतर पट्ट्या, कुणात एका कडेच्या बिंदूपासून पसरलेला पंखा, आणि फिरवाल तसे निळे, पिवळे, जांभळे रंग बदलत जातात. हे थेंब अवकाशात तरंगत असताना वितळले आणि काही तास-दिवसांत थिजले. पृथ्वीवरच्या कुठल्याच खडकात हे दिसत नाही.

टिपूर

'काही तास-दिवसांत थिजले' आणि पुढे साडेचारशे कोटी वर्षं तसेच! हे वाक्य तीनदा वाचलं.

मध्यान्ह

मतभेद आधी लिहा म्हणालात, म्हणून लिहितो. लघुग्रहांना इतकं श्रेय द्यायला माझी तयारी नाही.

मंगळ आणि गुरूमधल्या पट्ट्यातले सगळे लघुग्रह एकत्र केले तरी वस्तुमान चंद्राच्या तीन-चार टक्केच भरतं. त्यातही एक तृतीयांशाच्या आसपास एकटा सेरेस घेऊन जातो. (१ जानेवारी १८०१ ला पियाझींनी शोधलेला, व्यास साधारण ९४० किलोमीटर.) तिथे पूर्वी एक ग्रह होता आणि तो फुटला, ही कल्पना पूर्वी लोकप्रिय होती. पण एवढ्याशा मालातून कुठला ग्रह? शिवाय तिथले दगड एकाच ग्रहाचे वाटू नयेत इतके परस्परांहून वेगळे आहेत. गुरूच्या ओढाताणीमुळे तिथे ग्रह जुळूच शकला नाही, हे आता मान्य आहे.

पृथ्वीचं बहुतेक वस्तुमान भ्रूणग्रहांच्या मोठ्या टकरींतून आलं. शेवटची मोठी टक्कर थिया नावाच्या, साधारण मंगळाएवढ्या गोळ्याशी. तिच्यातून चंद्र झाला आणि पृथ्वी पुन्हा वितळली. या हिशेबात आजचे लघुग्रह कुठेच बसत नाहीत. 'लघुग्रहांनी पृथ्वी घडवली' म्हणणं मला अतिशयोक्ती वाटते.

कातळफूल

@मध्यान्ह, हा प्रतिसाद हवाच होता. आजच्या लघुग्रहांनी पृथ्वी घडवली असा माझा दावा नाही. ज्या ग्रहाणूंनी ती घडवली त्यांची शिल्लक राहिलेली भावंडं म्हणजे हे, असं मी म्हणतेय. भावंडांवरून घराण्याची माहिती मिळते ती खोटी नसते.

पृथ्वीच्या गाभ्याचंच बघा. आपण तिथे कधी पोचणार नाही. पण बहुतेक लोहअशनी म्हणजे फुटलेल्या ग्रहाणूंचे गाभेच आहेत. ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी समस्थानिकाचं (समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचा कमी-जास्त वजनाचा अणू) अर्धायुष्य फक्त सात लाख वर्षं. सुरुवातीच्या ग्रहाणूंत ते भरपूर होतं आणि त्याच्या किरणोत्साराच्या उष्णतेने ग्रहाणू आतून वितळले. लोखंड तळाला गेलं, खडक वर आले. लोहअशनी कापून, घासून त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल लावलं की पृष्ठभागावर एकमेकींना छेदणाऱ्या चकचकीत पट्ट्यांची जाळी उमटते. कमी-जास्त निकेल असलेल्या लोखंडाचे ते पापुद्रे आहेत. एवढे रुंद पापुद्रे वाढायला दर दहा लाख वर्षांत काही अंश ते काही हजार अंश इतक्या सावकाश निवावं लागतं, त्यामुळे कुठल्याही भट्टीत ही जाळी तयार होत नाही.

शिशिरधारा

मी शिक्षिका आहे. वर्गात हा भाग शिकवताना एका मुलीने विचारलं, "धूळ चिकटते हे ठीक, पण दगड दगडाला कसा चिकटेल? तो आपटून फुटेल ना?" तिला काय सांगायचं?

दुर्बिणवाला

शिशिरधारा ताई, त्या मुलीला शाबासकी द्या. तिने जे विचारलं ते ग्रहविज्ञानातलं फार जुनं कोडं आहे.

सुरुवात सोपी आहे. २००३ च्या सुमारास अंतराळवीर डॉन पेटिट यांनी अंतराळ स्थानकात प्लास्टिकच्या पिशवीत मीठ, साखर असे दाणे घालून हलवले. वजनरहित अवस्थेत काही सेकंदांतच त्यांचे पुंजके झाले. दाण्यांवरचा स्थिर विद्युतभार त्यांना धरून ठेवत होता. धुळीपासून खड्यापर्यंतचा प्रवास असाच काहीसा झाला असावा.

खरी अडचण मीटरभराच्या दगडाशी येते. तबकडीतला वायू सूर्याभोवती दगडापेक्षा किंचित हळू फिरतो. त्यामुळे दगडाला सतत समोरून वारा लागतो, त्याचा वेग मोडतो आणि तो सूर्याकडे घसरत जातो. पृथ्वीच्या अंतरावर मीटरभराचा दगड शंभरेक वर्षांत सूर्यात जाईल असं गणित सांगतं. म्हणजे वाढायला वेळच नाही.

सध्याचं सर्वांत पटणारं उत्तर असं की खडे एकेकटे वाढलेच नाहीत. एकामागे एक चालणाऱ्या खड्यांना वारा कमी लागतो, मागचे पुढच्यांना येऊन मिळतात आणि दाट थवे बनतात. थवा पुरेसा दाट झाला की स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने एकदम कोसळतो आणि थेट दहा-शंभर किलोमीटरचा ग्रहाणू तयार होतो. मधली मीटर-दोन मीटरची पायरीच गाळली जाते.

शिशिरधारा

अप्रतिम. मीठ-साखरेचा प्रयोग उद्याच सांगते. मुलं आता अंतराळ स्थानकात सहल न्या म्हणतील :)

निरभ्र_रात्र

पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी.

सूर्याजवळच्या भागात बर्फ टिकत नव्हता. मग पृथ्वीवर पाणी आलं कुठून? यासाठी पाण्यातला जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, मोजतात. आपल्या समुद्रात दर १० हजार हायड्रोजन अणूंमागे साधारण दीड अणू ड्युटेरियमचा असतो. पूर्वी सगळा संशय धूमकेतूंवर होता. २०१४ साली रोझेटा यान ६७पी धूमकेतूपाशी पोचलं आणि तिथे हे प्रमाण समुद्राच्या तिपटीहून जास्त निघालं. याउलट कार्बनी कॉन्ड्राइट अशनींतलं पाणी समुद्राच्या पाण्याशी छान जुळतं. त्यांच्या खनिजांत वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी बांधलेलं असू शकतं. माझ्या मते समुद्र लघुग्रहांनी आणले, हे आता पुरेसं स्पष्ट आहे.

मध्यान्ह

@निरभ्र_रात्र, 'पुरेसं स्पष्ट' याला माझी हरकत आहे.

पहिली गोष्ट धूमकेतूंची. हार्टली २ या धूमकेतूत २०११ साली समुद्राशी जुळणारं प्रमाण सापडलंच होतं. ६७पीच्या नोंदी २०२४ साली नव्याने तपासल्या गेल्या, त्यात यानाच्या आसपासच्या धुळीमुळे तो आकडा फुगला असावा असं दिसलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०२० साली लोरेत पियानी आणि सहकाऱ्यांनी एन्स्टेटाइट कॉन्ड्राइट तपासले. हे दगड सूर्याजवळच्या कोरड्या भागातले, आणि समस्थानिकांच्या बाबतीत पृथ्वीशी सर्वांत जास्त जुळणारे. त्यांत पाणी नसणार असंच सगळे धरून चालले होते. तरी त्यांच्यात हायड्रोजन निघाला, आणि तोही इतका की अशाच मालातून पृथ्वी झाली असेल तर आजच्या समुद्रांच्या किमान तिप्पट पाणी तिला जन्मतःच मिळालं असतं. मग बाहेरून कोणी आणून देण्याची गरज काय?

निरभ्र_रात्र

पण थियाच्या टकरीत सगळी पृथ्वी वितळली, हे तुम्हीच वर लिहिलंत. मग ते जन्मजात पाणी उडून गेलं नाही का?

अभ्रक७

सगळं उडून जात नाही. शिलारसात पाणी चांगलं विरघळतं. शिलारसाचा महासागर थिजताना ते वाफ होऊन वातावरणात येतं आणि पुढे पाऊस म्हणून खाली.

हे लवकर झालं याचा पुरावाही आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये झिरकॉन या खनिजाचे स्फटिक मिळाले, त्यातला सर्वांत जुना ४४० कोटी वर्षांचा. आकार अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून दिसतं की तो ज्या शिलारसातून आला त्याच्या मूळ खडकाचा द्रवरूप पाण्याशी संबंध आला होता. म्हणजे चंद्र झाल्यावर दहाएक कोटी वर्षांत पृथ्वीवर पाणी वाहत होतं. मूळ खडक केव्हाच नाहीसा झाला. झिरकॉन तेवढा चिवट.

माझं मत दोघांच्या मधलं आहे. बरंचसं पाणी जन्मजात, आणि एक भाग कार्बनी लघुग्रहांचा. दोन्ही असायला काही अडत नाही.

टिपूर

आणि सोनं? त्याबद्दल विचारायलाच मी आले होते.

कातळफूल

सोन्याची गोष्ट तर कळस आहे! सोनं, प्लॅटिनम, इरिडियम या धातूंना लोखंडात विरघळायला फार आवडतं. पृथ्वीचा गाभा तयार होताना वितळलेलं लोखंड खाली गेलं तेव्हा हे सगळे त्याच्याबरोबर खाली गेले. गाभ्याच्या या घडणीचं घड्याळ म्हणजे हॅफ्नियम-१८२, अर्धायुष्य साधारण ८९ लाख वर्षं. त्याचं टंगस्टन होतं. त्यावरून गाभा पहिल्या काही कोटी वर्षांतच तयार झाला हे कळतं.

म्हणजे वरच्या खडकांत सोनं जवळजवळ उरायलाच नको होतं. पण कवचात आज टनभर खडकामागे सरासरी काही मिलिग्रॅम तरी आहे, आणि प्रावरणात हे धातू हिशेबापेक्षा कितीतरी जास्त आहेत. शिवाय तिथलं त्यांचं एकमेकांशी प्रमाण कॉन्ड्राइट अशनींशी बरंच जुळतं. सर्वांत सरळ अर्थ असा की गाभ्याचं दार बंद झाल्यावर पृथ्वीवर आणखी माल पडला, तिच्या वस्तुमानाच्या साधारण अर्धा टक्का. सोनं मुळात घडलं त्याच्याही आधी, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरींसारख्या प्रलयांत. पण आपल्या हाताला लागेल अशा जागी ते बव्हंशी या उशिरा आलेल्या दगडांमुळे आहे.

टिपूर

म्हणजे प्रत्येक दागिन्यावर 'अवकाशातून आयात' असा शिक्का हवा :D

मध्यान्ह

सोन्याच्या बाबतीत मी कातळफूल यांच्या बाजूचा. उच्च दाबाखाली यातल्या काही धातूंचं लोखंडाशी सख्य कमी होतं, त्यामुळे एवढ्या मालाची गरज नाही, असा एक युक्तिवाद आहे. पण सगळ्याच धातूंचं एकमेकांशी प्रमाण अशनींशी जुळावं, हे त्यातून सुटत नाही.

दुर्बिणवाला

थोडं अवांतर, पण शिलारसाच्या महासागराचा विषय निघालाच आहे. थियाच्या टकरीनंतर चंद्रही असाच वितळलेला होता, हलकी खनिजं तरंगत वर आली आणि त्यांचं कवच झालं, हे मत अपोलोने आणलेल्या दगडांवरून तयार झालं. चंद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीने २०२३ साली दक्षिणेकडच्या उच्च अक्षांशावर मातीचं २३ ठिकाणी मोजमाप केलं. तिथेही तीच हलकी खनिजं निघाली. अपोलोच्या जागांपासून इतक्या दूर तेच चित्र दिसणं ही मोठी गोष्ट आहे.

आणि डायनोसॉरवाल्याला धाग्यातून अगदीच हाकलू नका. तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लघुग्रह कुठला होता हे २०२४ साली रुथेनियम या धातूच्या समस्थानिकांवरून कळलं. तो गुरूच्या पलीकडे घडलेल्या कार्बनी घराण्यातला निघाला. सूर्यमालेतल्या दगडांची अशी दोन घराणी आहेत, आतलं आणि बाहेरचं. गुरू लवकर वाढला आणि मध्ये आडवा आला, म्हणून दोघांचा माल सुरुवातीला मिसळला नाही, असं समजलं जातं.

प्रश्नचिन्ह_अनेक

अशनी तर पृथ्वीवर पडल्यापडल्या इथली हवा-पाणी शोषून घेत असतील. मग त्यांच्यातलं पाणी आणि कार्बन त्यांचाच, हे कशावरून?

निरभ्र_रात्र

म्हणून तर थेट लघुग्रहावर जाऊन नमुने आणले. जपानच्या हायाबुसा-२ यानाने डिसेंबर २०२० मध्ये र्युगूवरून ५.४ ग्रॅम आणले. नासाच्या ओसायरिस-रेक्सने २४ सप्टेंबर २०२३ ला बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम. बेन्नूचा डबा उघडताना ३५ पैकी दोन स्क्रू अडकले. नमुन्याला हवा लागू द्यायची नव्हती, म्हणून नायट्रोजन भरलेल्या पेटीतच काम करायचं होतं. त्या दोन स्क्रूंसाठी नवी हत्यारं बनवावी लागली आणि डबा पूर्ण उघडायला जानेवारी २०२४ उजाडला. जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष आले: सजीवांच्या प्रथिनांत असणाऱ्या २० पैकी १४ अमिनो आम्लं, डीएनए-आरएनएमधले पाचही नत्रयुक्त घटक, आणि खारं पाणी आटून मागे राहिलेले क्षार. बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे, त्याच्या पोटात कधीकाळी खारं पाणी होतं.

प्रश्नचिन्ह_अनेक

दोन स्क्रूंसाठी तीन महिने. ही माणसं आपल्याला आवडली.

आता मूळ प्रश्नावर येऊ. कोणीतरी एकदा हिशेब मांडा ना. वाटा किती?

अभ्रक७

मला पटतो तो हिशेब सांगते. पृथ्वीचं बहुतेक वस्तुमान आतल्या घराण्यातल्या ग्रहाणूंचं आणि त्यांच्यापासून झालेल्या भ्रूणग्रहांचं. बाहेरच्या कार्बनी घराण्याचा वाटा काही टक्क्यांचा. गाभा झाल्यानंतर आलेला माल अर्ध्या टक्क्याच्या आसपास. सगळे समुद्र मिळून पृथ्वीच्या वस्तुमानाच्या ०.०२३ टक्केच भरतात. त्यामुळे कार्बनी माल थोडासा आला तरी समुद्रांपुरता तो पुष्कळ होतो. वजनाच्या हिशेबात @मध्यान्ह बरोबर. पण पृष्ठभागावर जे आहे आणि ज्यावर जीवसृष्टी चालते, त्यात त्या उशिरा आलेल्या थोड्या मालाचा वाटा वजनाच्या मानाने खूप मोठा आहे.

एक गोष्ट मी हिशेबात धरलेली नाही. ३९० कोटी वर्षांपूर्वी लघुग्रहांचा एकदम मारा झाला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. तो आकडा अपोलोच्या दगडांवरून आला. पण त्यातले बरेच दगड चंद्रावरच्या इम्ब्रियम या एकाच प्रचंड आघाताने उधळलेले असू शकतात. त्यामुळे एकदम मारा न होता तो हळूहळू ओसरत गेला, हे मत आता बळावतंय.

मध्यान्ह

हा हिशेब मला मान्य. फक्त पाण्याची वाटणी खुली ठेवा. त्यावर मी भांडत राहणार.

शिशिरधारा

एक शेवटचं विचारते. विद्यार्थी काळे दगड घेऊन येतात आणि "हा अशनी आहे का?" विचारतात. घरच्या घरी कसं ओळखायचं?

अभ्रक७

बाहेरून पातळ काळी साय आणि अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे आहेत का ते पाहा. कॉन्ड्राइटमध्ये लोखंड असतं, म्हणून तो चुंबकाला ओढ देतो. पण मॅग्नेटाइटही देतो, तेव्हा तेवढ्यावर जाऊ नका. दगडाला आत बुडबुड्यांची भोकं असतील तर तो बहुतेक भट्टीतली मळी किंवा लाव्हा. आकाराच्या मानाने जड लागला, कापलेल्या कडेवर धातूचे बारीक कण चमकले, तर आशा धरायला हरकत नाही. मुलांना सांगा, धुऊ नका, फोडू नका. कोरड्या कागदात गुंडाळून जवळच्या भूशास्त्र विभागात न्या, आणि नेमका कुठे सापडला ते लिहून ठेवा.